मदत हवी आहे: आई-बाबांना मॅलमला न्यायचंय

नमस्कार मंडळी. मी लीड्सला असतो. नाशिकहून आई-बाबा आलेत, त्यांना यॉर्कशायर डेल्समधलं मॅलम गाव दाखवायचंय. गाडी नाही. स्किप्टनपर्यंत ट्रेनने जाऊ, पण पुढे रविवारी बस मिळते का?

मॅलम कोव्हचा ८० मीटरचा चुनखडीचा कडा आई खालूनच बघेल. वर जायच्या चारेकशे पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. बाबा मात्र चढणारच, सप्तशृंगी पायी चढलेला माणूस! वरच्या खडकात खोल भेगा आहेत म्हणे, पावसात फार निसरडं होतं का?

आणि जॅनेट्स फॉस धबधब्याच्या वाटेवर नुसती फाटकं आहेत, की कुंपणाच्या दगडी भिंती चढून ओलांडाव्या लागतात? आईचं सगळं त्यावरच अडलंय.