५००० रुपयात १००० बॅकलिंक घेणाऱ्यांनो, जरा थांबा

रविवारकारंजा

काल नाशिकच्या एका बिझनेस ग्रुपवर पोस्ट होती, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: "कुंभ २०२७ च्या आधी तुमची वेबसाईट गूगलच्या पहिल्या पानावर! ५००० रुपयात १००० हाय डीए बॅकलिंक, ३० दिवसात ट्रॅफिक डबल, गॅरंटी." आणि खाली "इंटरेस्टेड", "रेट पाठवा", "डीएम केलाय" ची रांग. तिथे बोललो असतो तर कॉमेंट उडवली असती म्हणून इथे लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साईटवरून आपल्या साईटकडे येणारी लिंक. एक तर डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, साईटचं वजन किती ते सांगणारा आकडा, हा गूगलचा आकडाच नाही. मॉझ नावाच्या कंपनीने आपल्या टूलसाठी काढलेला अंदाज आहे तो, गूगल त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. गूगलचं स्वतःचं ते पेजरँक, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला असताना १९९८ साली त्यांनी मांडलेलं. कल्पना एवढीच की लिंक दिली म्हणजे मत दिलं, आणि ज्याला स्वतःला वजनदार मतं मिळालीत त्याच्या मताला वजन जास्त. आता मत म्हटलं की विकत घेणारे आलेच, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन अपडेट, म्हणजे साईटी वर-खाली लावायच्या पद्धतीतला बदल, आलं आणि लिंका विकत घेतलेल्या साईटी धडाधड खाली गेल्या. २०१६ पासून ते गूगलच्या मेन सिस्टिममधेच कायमचं बसवलंय, आणि तेव्हापासून असल्या लिंकांना बहुतेक वेळा शिक्षासुद्धा होत नाही, त्या सरळ मोजल्याच जात नाहीत. म्हणजे ५००० देऊन हातात काय तर काही नाही. फारच नशीब फुटकं असेल तर सर्च कन्सोलमधे, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमधे, मॅन्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या शिक्षेची नोटीस.

आमच्या मामांचं दिंडोरीकडे कृषी पर्यटन आहे, द्राक्षबाग, चार खोल्या, चुलीवरचं जेवण. त्यांनी एका एजन्सीला पैसे दिले. मी त्या लिंका उघडून बघितल्या तर ऑनलाइन कॅसिनो, वजन कमी करायच्या गोळ्या, आणि कुठल्यातरी परदेशी टाइल्सच्या दुकानाखाली कॉमेंट, "नाईस पोस्ट, व्हिजिट ग्रेप फार्म नाशिक". ट्रॅफिक वाढलं हो, नाही कशाला म्हणू. सगळं परदेशातून आणि एक सेकंदही न थांबणारं. मामा ग्राफ बघून खूश, मला विचारतात ही एवढी माणसं मुक्कामाला येणार कधी?

सिडको_डिजिटल

ती पोस्ट माझी नाही हे आधीच सांगतो, पण धंदा तोच आहे म्हणून बोलतो. दादा, तुमचं सगळं बरोबर आहे आणि ते घरी बसून बोलायला फार सोपं आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, अंबडचा वर्कशॉपवाला असो की गंगापूर रोडचा डेंटिस्ट, पहिला प्रश्न "किती लिंका देणार?" मी खरं सांगितलं की साहेब, तीन महिन्यात चार-पाच चांगल्या मिळाल्या तरी खूप झालं, तर तो उठून शेजारच्या गाळ्यात जातो, तिथे त्याला हजार मिळतात. "चांगलं लिहा, लोक आपोआप येतील" म्हणणारे सगळे पगारदार असतात हे माझं निरीक्षण आहे, राग आला तर येऊ दे.

आणि मोठ्या मोठ्या बातम्यांच्या साईटी आपल्या नावाखाली दुसऱ्यांची कुपनची पानं चालवतात ते काय आहे? त्यांनी केलं की पार्टनरशिप, आम्ही केलं की स्पॅम.

रविवारकारंजा

@सिडको_डिजिटल कुपनवाल्यांवरही नियम आलाय, मार्च २०२४ मधे, साईट रेप्युटेशन अब्यूज म्हणून. त्याच वेळी जुनी बंद पडलेली डोमेन विकत घेऊन तिच्या नावावर माल खपवणाऱ्यांनाही धरायचं ठरवलं. आणि मोठ्यांना सोडतात हे तर साफ चूक. अमेरिकेत जेसीपेनीचं लिंकांचं प्रकरण २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं आणि गूगलने त्यांना खाली ढकललं, एवढी मोठी कंपनी.

गिऱ्हाईक विष मागतं म्हणून विकायचं का?

सिडको_डिजिटल

विष?? पाच हजाराचं पॅकेज आहे ते, जरा भाषा सांभाळा. मामांकडून महिन्याला पगार काढून दाखवा मग बोलू.

पाणपक्षी_निफाड

दोघंही थोडं शांत व्हा. माझा अनुभव सांगतो, पटला तर घ्या. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात कुठल्या महिन्यात कुठला पक्षी दिसतो, चक्रवाक कधी येतात, रोहित कुठल्या बाजूने दिसतात, मनोऱ्यापाशी सकाळी ऊन कुठून येतं, असली यादी मी कित्येक वर्षं स्वतःसाठी ठेवत होतो आणि साईटवर टाकत होतो. कुणी फिरकत नव्हतं. जानेवारी २०२० मधे ते रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि बातम्या लिहिणाऱ्यांना, कॉलेजच्या पोरांना एकदम आकडे आणि यादी पाहिजे झाली. ती माझ्याकडे तयार होती. लिंका आल्या त्या अशा. एकही मागितलेली नाही. विकिपीडियावर कुणीतरी संदर्भात टाकली, तिला नोफॉलो असतं, म्हणजे गूगलच्या हिशोबात धरायची नाही असा टॅग, पण त्या लिंकवरून आलेली माणसं खरी, ती पानं वाचतात, मेल करून विचारतात की दुर्बीण कुठली घेऊ.

पंचवटी_जुनाखोड

@पाणपक्षी_निफाड तुमचं नशीब. आमच्या मराठीत खरा रोग वेगळाच आहे, आपण एकमेकांना लिंकच देत नाही. पूर्वी ब्लॉगच्या कडेला "माझे मित्र" म्हणून यादी असायची, लोक एकाकडून दुसऱ्याकडे जायचे, सगळ्या ब्लॉगच्या नव्या पोस्टी एकत्र दाखवणाऱ्या रीडरमधे वाचायचे. २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, मग सगळे फेसबुकवर गेले आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर. नाशिकच्या जुन्या सरकारवाड्यावर मी लेख लिहिला होता, सराफ बाजारातल्या जुन्या लोकांशी बोलून बोलून. तो मला माझ्या व्याह्यांनीच फॉरवर्ड केला, वर "वाचा, नाशिकचा खरा इतिहास", खाली "साभार : व्हॉट्सअ‍ॅप"! मी म्हटलं हा माझा लेख. तर म्हणतात, असं का, छान आहे. अहो लिंक पाठवली असती तर चार बोटं झिजली असती का?

भाव_रोजचा

तुमची चर्चा वाचून हसू येतंय खरं सांगू का. माझ्या साईटवर ना लेख, ना इतिहास, ना पक्षी. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, मनमाडचे कांद्याचे रोजचे भाव, बस. बॅकलिंक म्हणाल तर नावालाही नाही. "लासलगाव कांदा भाव आज" हे लोक रोज सकाळी टाइप करतात, मराठीत कमी, इंग्रजी अक्षरात जास्त, म्हणून पत्त्यात आणि हेडिंगमधे मी दोन्ही ठेवतो. ट्रॅफिक पाहिजे तर लोक काय शोधतात ते बघा, तुम्हाला काय लिहावंसं वाटतं ते डायरीत लिहा.

कांदाचाळ_विंचूर

@भाव_रोजचा तुझीच वाट बघत होतो. तुझ्या साईटवर हेडिंग काय असतं? "कांद्याने गाठला उच्चांक, शेतकरी खूश". आत जाऊन बघावं तर कमाल भाव. अरे बाबा कमाल भाव म्हणजे त्या दिवशी एखाद्या ट्रॉलीला निघालेला भाव, बाकीचे सगळे सरासरीच्या आसपास आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तर किमानच्या खालीच धर. तुझं हेडिंग वाचून आमच्या शेजारच्याने साठवलेल्या कांद्याची चाळ फोडली, पिकअपचं भाडं भरलं, माल नेला, वर वांध्यात निघाला, म्हणजे लिलावानंतर व्यापाऱ्याने मालात खोट काढली. घरी आला तेव्हा तोंड बघवत नव्हतं. ह्याला तू ट्रॅफिक म्हणतो?

भाव_रोजचा

मी भाव बनवत नाही भाऊ. पणन मंडळाच्या साईटवर किमान, कमाल, सरासरी तिन्ही येतात, तेच टाकतो. टेबलात तिन्ही आहेत. लोक हेडिंग वाचून चाळ फोडत असतील तर त्याला मी काय करू.

कांदाचाळ_विंचूर

टेबल कुठे आहे तुझं? तीन जाहिराती, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जॉइन करा, परत दोन जाहिराती, आणि मग खाली टेबल. शेतातल्या नेटवर ते उघडेपर्यंत लिलाव संपतो. आणि एक सांग, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली, जिल्ह्यात लिलाव बंद पाडले होते, तेव्हासुद्धा ह्या साईटींवर "आजचे भाव" चालूच! कालचेच आकडे, तारीख तेवढी आजची.

भाव_रोजचा

तारीख साईटची थीम, म्हणजे तयार साचा, आपोआप टाकते, मी हाताने बदलत नाही. आणि तेव्हा मी साईट नुकतीच सुरू केली होती, सगळ्यांचं बिल माझ्यावर फाडू नको.

पंचवटी_जुनाखोड

आपोआप म्हणे. माझा लेखसुद्धा आपोआपच पळाला होता.

कांदाचाळ_विंचूर

काका तुम्ही थांबा जरा, तुमच्या लेखाने कुणाचा माल सडला नाही. निर्यातबंदी मे २०२४ ला उठली तर वर ४० टक्के ड्युटी बसवली, ती पुढे २० केली, पूर्ण काढली ते थेट १ एप्रिल २०२५ ला. एवढ्या काळात भाव कशाने वर-खाली होतोय हे एका तरी भाववाल्याने नीट लिहिलं का? नाही, कारण त्याला क्लिक नाहीत. "उच्चांक" ला क्लिक आहेत.

पंचवटी_जुनाखोड

थांबतो बाबा, थांबतो. लेख चोरीला गेलेल्याने बोलायचंही नाही.

येवल्याची_ताई

अरे विषय काय होता आणि कुठे पोचला. मी येवल्यात पैठणी विकते, साईटवर बराच खर्च केला, एसइओवाले, म्हणजे सर्चमधे साईट वर आणून देणारे, पण झाले. गिऱ्हाईक खरं आलं ते गूगल मॅपवरच्या प्रोफाइलमधून. खरे फोटो टाकले, दुकानाची वेळ नीट ठेवली, प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर दिलं, वाईट रिव्ह्यूला तर आधी. पुण्या-मुंबईच्या बायका शिर्डीला आल्या की मॅपवरून रस्ता लावून थेट दारात येतात. लिंक म्हणून मोजायला गेलं तर आमच्या विणकराच्या मुलाखतीची एकच. ती ज्यांनी घेतली त्यांनीच दिली.

सिडको_डिजिटल

ताई, प्रोफाइल सगळ्यांना चालतं असं नाही, दारावर गिऱ्हाईक येणाऱ्यांना चालतं. वर्कशॉपवाल्याला ऑर्डर चाकणहून पाहिजे, तो मॅपवर काय बघणार. त्याला ज्या कंपन्यांना माल देतो त्यांच्या व्हेंडरच्या पानावर आणि असोसिएशनच्या मेंबर लिस्टमधे नाव आणि लिंक लावून घ्यायला मी सांगतो, ती खरी कामाची, फुकट पण असते. पण त्यासाठी तो स्वतः दोन फोन करत नाही. मला म्हणतो तुम्हीच करा, पैसे देतो ना.

रविवारकारंजा

@सिडको_डिजिटल बघा, म्हणजे तुम्हाला माहितीये बरोबर काय ते. मग हजारवालं पॅकेज ठेवताच कशाला?

सिडको_डिजिटल

कारण दुकानाचं भाडं व्हेंडर लिस्टमधून निघत नाही. बरं चला, तुमच्या समाधानासाठी मेन्यूमधून काढतो, "मागणीनुसार उपलब्ध" लिहितो. खूश?

रविवारकारंजा

टोमणा पोचला. मामांच्या साईटवर मी आता कुंभाचं एक पान करतोय, अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट, मग ११ सप्टेंबर नाशिकला आणि १२ ला त्र्यंबकला. दिंडोरीकडून त्या दिवशी गाडी कुठवर जाईल, चालायचं किती, म्हाताऱ्या माणसांना कुठून न्यायचं, बंदोबस्ताचे रस्ते जाहीर झाले की तेही. तारखा काय शंभर साईटींवर मिळतील, आजकाल सर्चमधे वरतीच एआय सांगून मोकळं होतं, आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून चालू आहे ते. पण दिंडोरीचा रस्ता तिथे राहणाऱ्यालाच माहीत. असं पान कुणी लिंक करेल असं वाटतं.

पाणपक्षी_निफाड

मी करतो. पान झालं की पाठवा. पण "ग्रेप फार्म नाशिक" असं लिहून नाही, "दिंडोरीकडून कुंभाला कसं जायचं" असं लिहून.

पंचवटी_जुनाखोड

हे बघा, एक तरी निघाला लिंक देणारा. माझ्या सरकारवाड्यालाही द्या की.

कांदाचाळ_विंचूर

@भाव_रोजचा गप्प का झाला? हेडिंगचं काय करणार ते सांग.

भाव_रोजचा

झोपलो होतो बाबा, सगळे तुझ्यासारखे पहाटे मोटार चालू करायला उठत नाहीत. हेडिंगमधे सरासरी टाकतो उद्यापासून, टेबल वर घेतो. लिलाव बंद असेल त्या दिवशी "आज लिलाव नाही" असं लिहितो. पण क्लिक कमी झाले तर नुकसान तुझ्याकडून वसूल करणार.

कांदाचाळ_विंचूर

कर की. गोल्टीत देतो, किमान भावाने लावून.