मदत हवी आहे: ट्रायटॉन दिलेल्या रॅटचं एलडीएल उणे येतंय, फेनोफायब्रेटही चालेना

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला एम. फार्म. करतेय, फार्माकॉलॉजीत. विषय आहे द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि रक्तातली चरबी. बियांना तोटा नाही, दिंडोरीकडच्या एका वायनरीतून चोथा मिळतो. तो धुऊन गच्चीवर वाळत घालते. वासामुळे घरचे वैतागलेत, पण ते जाऊ द्या.

पद्धत नेहमीचीच. विस्टर रॅट रात्रभर उपाशी, सकाळी अर्क किंवा फेनोफायब्रेट (चरबी उतरवणारं औषध, तुलनेसाठीचं स्टँडर्ड) तोंडावाटे, तासाभराने ट्रायटॉन डब्ल्यूआर-१३३९ (रक्तातली चरबी मुद्दाम चढवणारं डिटर्जंट), ४०० मिग्रॅ/किग्रॅ, सलाइनमधून पोटात. चोवीस तासांनी भूल देऊन रक्त.

ट्रायटॉन गटाचं सीरम पार दुधाळ, नळीपलीकडचं लेबल वाचता येत नाही. म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलंय यात शंका नाही. पण फेनोफायब्रेटच्या गटातही ते तसंच आहे, आणि अर्काच्या गटातही. सर म्हणतात, स्टँडर्डच चालत नाही तर प्रबंधात दाखवणार काय? शिवाय एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) काढायला गेले तर उणे आकडे येतात. एक्सेलचं सूत्र दोनदा तपासलं, बरोबर आहे.

अजून एक. ट्रायटॉनची बाटली संपत आलीय. स्टोअरमध्ये ट्रायटॉन एक्स-१०० भरपूर पडलंय. तेच वापरा असं सुचवलं जातंय. चालेल का?

उंदीरवाला:
शेवटचं आधी. एक्स-१०० जनावराला अजिबात टोचू नका! ते पेशींचं पटल फोडायला वापरतात, रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतील. डब्ल्यूआर-१३३९ म्हणजे टायलोक्सापोल. त्याच घराण्यातलं, पण अनेक रेणू साखळीत जोडलेलं, काकवीसारखं घट्ट. आडनाव एक म्हणून स्वभाव एक नसतो. मागवताना टायलोक्सापोल याच नावाने मागवा, म्हणजे घोळ होणार नाही.

आता फेनोफायब्रेट. टायलोक्सापोल हे डिटर्जंट चरबी तयार करत नाही, तिची वाट अडवतं. यकृत व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण) रक्तात सोडत असतं आणि केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर त्यातलं ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूंना आणि मेदाला देतं. टायलोक्सापोल व्हीएलडीएलच्या कणांवर चढून बसतं, मग लायपेजला ते फोडता येत नाहीत. नळ चालू, मोरी बंद. १९५१ साली केल्नर आणि सहकाऱ्यांनी सशांच्या शिरेत असले पृष्ठसक्रिय पदार्थ देऊन रक्तातली चरबी टिकून चढते हे दाखवलं होतं, तिथपासूनची ही वाट आहे.

फेनोफायब्रेटचं निम्मं काम लायपेज वाढवण्यातून होतं. ते लायपेजच तुम्ही निकामी करून ठेवलंय. उरलेलं काम, म्हणजे यकृतात मेदाम्लं जाळणं, जनुकांमार्फत होतं, त्याला दिवस लागतात. तासभर आधी एक डोस देऊन काय दिसणार? आठवडाभर आधीपासून द्या. माझ्या मते तुमचा प्रयोग फसलेला नाही, प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेलाय. उपाशी रॅटला ट्रायटॉन दिलं की मुख्यतः एकच गोष्ट कळते: यकृत किती वेगाने व्हीएलडीएल सोडतंय. तेही पहिल्या काही तासांत, ट्रायग्लिसराइड सरळ रेषेत चढत असताना. चोवीस तासांच्या एका आकड्यात तो वेग हरवतो.

बायोकेम_ताई:
उणे एलडीएल मी बघते. तुम्ही फ्रीडवाल्डचं सूत्र लावलंय ना? एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. समजा एकूण २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १००० (सगळं मिग्रॅ/डेसिलिटर). पाचवा हिस्सा २००, उरले उणे २०. हे सूत्र १९७२ चं, माणसांच्या उपाशीपोटीच्या रक्तासाठी, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तिथेही वापरत नाहीत. रॅटमध्ये तर बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलवरच असतं. एलडीएलचा स्तंभ सरळ काढून टाका. एचडीएलवरही फार भिस्त ठेवू नका, ट्रायटॉन त्या कणांचीही मोडतोड करतं.

आणि सीरम पातळ करून लावलंत का? किटच्या मर्यादेपलीकडचे सगळे नमुने सारखेच वरचे दिसतात. तुमचे तिन्ही गट तसेच दिसत असण्याचं हेही कारण असू शकतं. सलाइनने दहापट पातळ करा, प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक, म्हणजे किटचं रसायन न घातलेली नळी, ठेवा (दुधाळपणाच प्रकाश अडवतो), मग गुणा.

गोदाकाठची:
ताई, पातळ न करताच लावलं होतं. उरलेलं सीरम उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे, उद्याच परत लावते. दादा, पण माझा अर्क यकृतावर काम करतो असं मला वाटतच नाही. बियांतल्या पॉलिफेनॉलमुळे आतड्यातलं लायपेज दबतं, असा आमचा अंदाज आहे.

उंदीरवाला:
मग उपाशी रॅटमध्ये त्याला कामच नाही, आतड्यात चरबीच कुठेय? आधी टायलोक्सापोल द्या, मग अर्क आणि लगेच तोंडावाटे ऑलिव्ह तेल. वाट बंद असल्यामुळे आतड्यातून आलेलं सगळं रक्तात साठत जाईल. दर तासाला शेपटीतून थोडं रक्त घ्या. सोबत एक गट तेल न देता ठेवा, त्याचा चढ वजा केला की आतड्याचा वाटा उरतो. स्टँडर्ड म्हणून तिथे ऑर्लिस्टॅट घ्या, ते आतड्यातल्या लायपेजवरच बसतं.

गोदाकाठची:
हे पटलं. पण मंजुरी जुन्या पद्धतीची आहे. परत नैतिक समितीकडे जावं लागेल?

बायोकेम_ताई:
हो. तेल, रक्त घेण्याच्या वेळा, नवा औषधगट, सगळंच बदलतंय. सुधारित प्रस्ताव आयएईसीला (संस्थेच्या प्राणी नैतिक समितीला) द्या आणि मंजुरी हातात आल्याशिवाय एकही रॅट उपाशी ठेवू नका. तोवर जुनं सीरम लावून आकडे इथे टाका, बघू.