सहावीच्या पोरांना विश्व केवढं आहे ते कसं दाखवायचं?

बालाघाटची_बाई (बीड जिल्हा) – ८ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. सहावीचा पट सत्तावीस. त्यातल्या सोळा लेकरांचे आईवडील ऊसतोडीला जातात.

विश्वाचा धडा पुस्तकात अगदी शेवटी आहे. तो येईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि तोवर निम्मा वर्ग कारखान्यावर असतो. वसतिगृहात राहिलेली थोडी पोरं असतात, बाकीचे बाक रिकामे. दरवर्षी हे असंच होतं आणि दरवर्षी माझ्या जिवाला लागतं. म्हणून यंदा ठरवलं, हा धडा दसऱ्याच्या आत घ्यायचा, म्हणजे ट्रॅक्टर लागायच्या आत.

घ्यायला सुरुवात केली आणि आकड्यांपाशी अडले. फळ्यावर लिहिलं, पृथ्वी ते चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटर, पृथ्वी ते सूर्य १५ कोटी किलोमीटर. पोरांनी गुमान उतरवून घेतलं. चाचणीत एका हुशार मुलीनं दोन्ही आकडे उलटे लिहिले. लाल पेन घेऊन बसले खरी, पण माझाच हात थांबला. तिला लाख काय अन् कोटी काय, दोन्ही न पाहिलेली गावं. चूक तिची कशी म्हणू?

त्यात प्रकाशवर्ष. "मॅडम, वर्ष म्हणायलो तर ते अंतर कसं?" असं एकानं विचारलं. मी व्याख्या सांगितली, प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. ती त्यानं पाठही केली, पण समजल्याचं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

शाळेत प्रोजेक्टर आहे, वीज मात्र भरवशाची नाही. मैदान आहे, लिंबाचं झाड आहे. यात काय करता येईल? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

गोदाकाठचा_मास्तर (परभणी) – ९ सप्टेंबर

ताई, आधी भिंतीवरचा तो सूर्यमालेचा तक्ता उतरवा. सूर्य, बुध, शुक्र असे वीत-वीतभर अंतरावर मांडलेले असतात ना, तो. एकदा ते चित्र डोक्यात बसलं की पुढं काहीही सांगा, पोरगं मनात तेच बघतं. मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली दहा तो तक्ता दाखवण्यात घालवली. आजही हळहळ वाटते.

ज्वारीचा एक भरदार दाणा घ्या, साधारण ४ मिलिमीटरचा. ही पृथ्वी. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट, म्हणजे ४४ सेंटीमीटर. पोषण आहाराच्या खोलीत एवढी परात नक्की असेल. परात लिंबाच्या बुंध्याला उभी टेकवा आणि तिथून टेपनं ४७ मीटर मोजा. तिथं दाणा.

चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, ज्वारीच्या दाण्यापासून १२ सेंटीमीटरवर. दोन्ही दाणे एका पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवा, नाहीतर चिमण्या पृथ्वी खाऊन टाकतात (आमच्याकडं दोनदा झालं). माणूस आजवर घरापासून जास्तीत जास्त लांब गेला तो या राजगिऱ्यापर्यंतच, हे तिथंच सांगा. पोरं वाकून वाकून बघतात.

गुरू म्हणजे लिंबू, परातीपासून २४५ मीटरवर. नेपच्यून म्हणजे बोर, १.४ किलोमीटरवर, कदाचित पुढच्या वस्तीवर. तिथवर नेऊ नका, नुसतं बोट दाखवा.

मग विचारा, सूर्यानंतर सगळ्यांत जवळचा तारा कुठं ठेवायचा? गावं सांगायला लागतील. केज, अंबाजोगाई, एखादा धीट पोरगा मुंबई म्हणेल. तो तारा म्हणजे प्रॉक्झिमा, सूर्यापेक्षा पुष्कळ लहान. आपल्या मापात जालन्याची मोसंबी. आणि तिची जागा १२,६०० किलोमीटरवर, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आसपास. इकडं लिंबाखाली परात, तिकडं न्यूयॉर्कला मोसंबी. पृथ्वीचा गोळा आहे तो अंदाजे तेवढाच रुंद, हेही पोरांना सांगून बघा.

प्रकाशवर्षाचंही मैदानातच उरकतं. या मापात प्रकाश सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर सरकतो. एका पोराला परातीपासून टाचेला चवडा लावत चालायला लावा, दर दोन सेकंदांना एक पाऊल. दाण्यापाशी पोचायला त्याला सव्वाआठ-साडेआठ मिनिटं लागतील. खऱ्या उन्हालाही तेवढीच लागतात.

रात्रीचं_आभाळ (लातूर) – १५ सप्टेंबर

गुरुजींचा खेळ उत्तम आहे. फक्त तो दिवसाचा झाला. ताई, तुमची लेकरं दिवाळीनंतर कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत राहणार. तोडीला पहाटे चारला उठणाऱ्या घरातली लेकरं आहेत ती. आभाळ बघायची त्यांच्याइतकी संधी शहरातल्या पोरांना नाही.

म्हणून प्रत्येकाला वयाचा तारा द्या. प्रश्वा आपल्यापासून साडेअकरा प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसतो तो उजेड सहावीतलं लेकरू जन्मलं तेव्हाच्या सुमारास निघालेला. व्याध ८.६ प्रकाशवर्षं, तो तिसरीतल्या धाकट्या भावंडाचा. रोहिणी, ती तांबूस दिसते ती, ६५ प्रकाशवर्षं, ती आजीची. आणि मघा ७९. परवा १७ सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होईल, तेव्हा मघाचं नक्की सांगा. आत्ता दिसतो तो मघाचा उजेड निघाला तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राजवटीत होता, १९४८ उजाडायचं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे चारला हे चारही एकदम दिसतात. मृगाचे तीन ओळीतले तारे सापडले की झालं. ती ओळ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी. डोक्यावर प्रश्वा, पूर्वेला मघा. वहीत हाताने नकाशा काढून द्या, मोबाईलवर विसंबू नका. कोपीवर चार्जिंगची पंचाईत असते.

औंढ्याजवळचा (हिंगोली) – १६ सप्टेंबर

थोडी भर घालतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होत आहे, गुरुत्वीय तरंग (अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या लाटा) टिपणारी, केंद्रानं २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर. प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहून कमी फरक त्यात कळायला हवा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय तरंग पहिल्यांदा पकडला. तो साधारण १३० कोटी वर्षं प्रवास करून आला होता. निघाला तेव्हा पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता. हे सगळं आपल्याच मराठवाड्यात उभं राहतंय, एवढं तरी आपल्या पोरांच्या कानावर पडायला हवं.

गोदाकाठचा_मास्तर – १६ सप्टेंबर

ताई, एक राहिलं. आकाशगंगेला ते परातीचं माप पुरत नाही, दुसरं घ्यावं लागतं. आता अख्खी सूर्यमाला, नेपच्यूनच्या कक्षेपर्यंतची, एका ज्वारीच्या दाण्यात बसवा. मग आकाशगंगा मुंबईपासून परभणीपर्यंत पसरते, सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. तिचा मध्य येतो नगरला. आणि आपला दाणा मध्यापासून एकशेदहा किलोमीटरवर, म्हणजे बरोबर बीडात. मी मुद्दाम ओढूनताणून आणलेलं नाही, नकाशावर पट्टी ठेवून बघा. शेजारचा तारा मग १८ मीटरवर येतो आणि पुढची मोठी दीर्घिका (आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह), देवयानी, सिडनीच्या आसपास.

बालाघाटची_बाई – १४ नोव्हेंबर

उशिरा लिहिते आहे, माफ करा. पण झालेलं सगळं सांगायचं आहे.

२० सप्टेंबरला पाऊस उघडला तशी परात लिंबाला टेकवली. टेप नव्हता, सुतळीला दर मीटरला गाठ मारून सत्तेचाळीस गाठी केल्या. दाणा चिकटवलेला पुठ्ठा फाटकाच्या पलीकडं, रस्त्यावर गेला. ज्या मुलीनं आकडे उलटे लिहिले होते तिलाच तो धरून उभं केलं. तिथून परात बघ म्हटलं. तिनं एक डोळा मिटला, हात लांब केला आणि करंगळीच्या नखाआड परात झाकली. म्हणाली, "मॅडम, खरा सूर्य बी एवढाच दिसतो." हे मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं.

प्रकाश व्हायला एक मुलगा पुढं आला. टाचेला चवडा लावत निघाला. दुसऱ्या मिनिटाला पोरं कुरकुरली, "उजेड एवढा सावकाश?" मी थांबवलं नाही. चौथ्या मिनिटाला सगळे गप्प झाले आणि त्याच्या पावलांबरोबर मोजू लागले. २३१ पावलं झाली. मग बोललो की उजेडाच्या पुढं कुणीच पळू शकत नाही, रस्ताच तेवढा मोठा आहे.

प्रकाशवर्षाचं कोडं मात्र त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरानंच सोडवलं. "मॅडम, आमचा कारखाना किती लांब विचारलं तर आई म्हणती एका रात्रीचा. किलोमीटर कुणाला ठाव? तसंच हे. उजेडाला चार वर्षं लागली म्हंजे चार वर्षांचा रस्ता." मी खडू ठेवला. इतकी वर्षं मी व्याख्या पाठ करून घेत होते आणि ही लेकरं जन्मापासून रस्ता वेळेत मोजतात. यापुढं हा धडा मी कारखान्याच्या रस्त्यापासूनच सुरू करणार आहे.

एका मुलीला बीडातला दाणा ऐकून रडू आलं. आपण कुठंच नाही मग, असं म्हणाली. मी तिला जवळ घेतलं आणि तोच दाणा तिच्या तळहातावर ठेवला. ती बराच वेळ मूठ मिटून बसली. मधल्या सुट्टीत परत आली, तेव्हा तिला विचारायचं होतं की शेजारच्या १८ मीटरवरच्या ताऱ्याभोवती कुणी आहे का. प्रॉक्झिमाभोवती ग्रह सापडला आहे हे मला ठाऊक होतं, तेवढं सांगितलं. कुणी राहतं का ते अजून कुणाला कळलेलं नाही, हेही सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

दिवाळीनंतर गाड्या गेल्या. प्रत्येकाच्या दप्तरात हातानं काढलेला नकाशा दिला. परवा पहाटे साडेचारला फोन वाजला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कोयत्यांची आदळआपट, आणि तोच एका रात्रीच्या रस्त्याचा पोरगा. "मॅडम, प्रश्वा घावला. रोहिणी बी घावली. धाकटीला व्याध दावला तर ती म्हणती, माझा दादापेक्षा जास्त चमकतो. पण मॅडम, आईचा तारा कोणता? आई बत्तीस वर्षांची हाय."

रात्रीचं आभाळ, तुम्हालाच विचारते. बत्तीस प्रकाशवर्षांच्या आसपासचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा एखादा तारा सांगा. तो उद्या पहाटे पुन्हा फोन करणार आहे.

रात्रीचं_आभाळ – १४ नोव्हेंबर

ताई, पुनर्वसूतला पिवळसर तारा. इंग्रजीत पोलक्स म्हणतात, ३४ प्रकाशवर्षं. प्रश्वाच्या उत्तरेला दोन तारे जोडीनं दिसतील, त्यातला जास्त तेजस्वी तो. आईला दोन वर्षं जास्त झाली, पण बत्तीसच्या याहून जवळचं आणि ठळक त्या बाजूला काही नाही.