मदत हवी आहे : 'गेब्रियल नाइट'चे जुने आवाज कसे मिळतील?

'गेब्रियल नाइट : सिन्स ऑफ द फादर्स' (1993) हा कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायला घेतलाय. 2014ची नवी आवृत्ती विंडोज 11वर नीट चालते, चित्रं देखणी आहेत, पण आवाज सगळे नवे. न्यू ऑर्लिन्समधल्या वूडू खुनांची खरी भीती माझ्यासाठी टिम करीच्या आवाजातल्या गेब्रियलमध्ये, म्हणजे गेमच्या नायकात, आणि व्हर्जिनिया केपर्सच्या संथ निवेदनात होती. ती इथे जाणवतच नाही.

म्हणून जुनी सीडी स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवली. गेम सुरू होतो, संगीत वाजतं, संवाद मात्र नुसते अक्षरांत दिसतात. सेटिंगमध्ये आवाज आणि मजकूर दोन्ही चालू आहेत, स्कमव्हीएमही अगदी ताजं आहे. सीडीवर ओरखडे आहेत. कॉपी करताना एक मोठी फाइल अर्ध्यावर अडकते, बहुधा आवाजांचीच. सीडी पुसून, ड्राइव्ह बदलून झालं. डॉसबॉक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही तेच.

पुन्हा विकत घ्यायची तयारी आहे, पायरेटेड कॉपी नको. तर 1993ची जी आवृत्ती आज ऑनलाइन विकत मिळते, तिच्यात सीडीवरचे आवाज आहेत, की ती फ्लॉपीवाली बिनआवाजाची आहे? आणि बडोद्यात, शक्यतो दांडिया बाजार-रावपुरा भागात, ओरखडलेली सीडी वाचून देणारं कुणी माहीत आहे का?