दहावीची इंग्रजी शिकवणी: आधी नियम की आधी वाचन?

तासिका:
मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. माझं मत ठाम आहे, पटत नसेल तर जरूर लिहा. शिकवणीचे पहिले तीन महिने व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट, 'नो सूनर... दॅन' यातलं काहीही शिकवू नये. रोज वाचून घ्यावं, रोज पाच ओळी लिहून घ्याव्यात आणि व्याकरण त्या पाच ओळींतल्या चुकांवरूनच शिकवावं.

माझ्याकडे येणारी मुलं पॅसिव्हचं कोष्टक घडाघडा म्हणतात. 'काल शाळेत काय झालं ते लिही' म्हटलं की 'आय डिड वेन्ट' लिहितात. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीतलं मूल उताऱ्यावरचा प्रश्न वाचतं, त्यातला एक शब्द उताऱ्यात शोधतं आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवतं. गुण मिळतात, अर्थ लागलेला नसतो. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 57.3 टक्क्यांनाच इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्यांच्यातल्याही साधारण चौथ्या हिश्शाला अर्थ सांगता आला नाही. ज्याला वाक्याचा अर्थच लागत नाही त्याच्याकडून ते वाक्य पॅसिव्ह करून घेऊन काय साधणार?

कृष्णाकाठ:
ताई, तुमची तळमळ कळते, पण मला हे मान्य नाही. मीही पुष्कळ वर्षं शिकवतोय. मूल जूनमध्ये येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर. कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाचे 10 गुण आहेत, आणि कच्च्या मुलाला तेवढाच एक भरवशाचा आधार असतो. तो काढून घेऊ नका.

दुसरं असं की, वाचनाचा आग्रह धरणारे भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा दाखला देतात: समजेल अशी भाषा भरपूर मिळाली की ती येते. आमच्या मुलांना ती भरपूर मिळतेच कुठे? घरी मराठी, मैदानावर मराठी, वर्गात इंग्रजीचा धडासुद्धा मराठीतून. मराठीत आर्टिकल नाही, क्रियापद शेवटी येतं, प्रीपोझिशनचं काम आपण प्रत्ययांवर भागवतो. हा फरक कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवायलाच हवा. आपोआप उमगेल म्हणून वाट बघत बसलो तर दहावी निघून जाईल.

पालक_नववी:
फी भरणारा म्हणून सांगतो, आम्ही गुणांसाठीच शिकवणी लावतो. पण माझी मोठी मुलगी दहावीला इंग्रजीत चांगल्या गुणांनी पास झाली, अकरावी सायन्सला गेली आणि फिजिक्सच्या पुस्तकाचं एक पान वाचायला तिला तास लागायला लागला. व्हॉइस तिला पक्का येत होता. त्यामुळे धाकट्यासाठी मी तासिकाताईंच्या बाजूने.

गृहपाठ:
वाचून घ्या म्हणणं सोपं आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला काय वाचायला देता? माझ्या मुलाला सरांनी सशा-कासवाचं चित्रांचं पुस्तक दिलं. त्याने ते दप्तरात लपवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणीला जाईना.

तासिका:
गृहपाठ, तुमचा प्रश्न सगळ्यात कळीचा आहे. भाषा तिसरीची आणि वय दहावीचं, यात मुलाचा मान राखणं हेच खरं कौशल्य. मी मुलांना विषय निवडू देते. एकाने क्रिकेट सामन्यांच्या बातम्या निवडल्या, तर शेतकरी घरातल्या एका मुलीने फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या सूचना आणल्या. गोष्टी हव्याच असतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार फुकट मिळतात. तिथे मी वरच्या पातळीचीच घेते. आधी मी मोठ्याने वाचते, मग ते वाचतात, मग पुस्तक मिटून मराठीत सांगतात. मराठीत सांगता आलं नाही तर पुढे जायचं नाही.

कृष्णाकाठ सर, फळ्यावर फरक मांडायला माझा विरोध नाही. ज्या दिवशी मुलाच्या वहीत 'व्हॉट यू आर डूइंग' येतं, त्या दिवशी प्रश्नातला शब्दक्रम मी फळ्यावरच शिकवते. माझा विरोध आहे तो न वाचलेल्या, न लिहिलेल्या वाक्यांचं व्याकरण घोटून घेण्याला.

कृष्णाकाठ:
मुलाच्या वहीतून नियम शिकवायची कल्पना चांगली आहे. पण तुमच्याकडे एका वेळी सहा-सात मुलं असतील, माझ्याकडे चाळीस. चाळीस वह्या रोज तपासणार कोण? मी आठवी-नववीला वाचन वाढवेन. दहावीला मात्र जूनपासून व्याकरण सुरू, यात बदल नाही.

तासिका:
चाळीस वह्या रोज तपासू नका. रोज आठ तपासा, आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. दहावीबद्दल आपलं जुळणार नाही.