बाहेरून जीव आला का, हे तपासलंय आपल्याकडे

"जीव अवकाशातून आला म्हणता, पण कोणी तपासून बघितलंय का" असं एकाने विचारलंय. हो, बघितलंय, आणि तेही आपल्याकडे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांचा यात मोठा वाटा होता. एप्रिल २००५ मध्ये इस्रोने हैदराबादहून मोठा बलून सोडला, त्यात स्टीलची निर्जंतुक नळकांडी, आतली हवा पूर्ण काढलेली आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवून इतकी थंड केलेली की वर झडप उघडली की बाहेरची हवा आत खेचली जाऊन तिथंच गोठणार. २० ते ४१ किमी उंचीवरचे नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या लॅबमध्ये तपासले तर जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, जवळच्या जातींपेक्षा अल्ट्राव्हायोलेट जास्त सोसणाऱ्या, एकीला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलंय, जीव अवकाशातून आला असं मांडणारे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ.

हे परग्रहावरचेच असा दावा इस्रोने केला नाही आणि मला ते फार पटलं, कारण ते खालून वर गेलेलेही असू शकतात. आणि समजा आले बाहेरून, तरी तिथं पहिला जीव कसा झाला हे उरतंच ना? म्हणून मला मर्चिसनची उल्का जास्त महत्त्वाची वाटते, १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडली, तिच्यात ७० च्या वर अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) सापडलीत, म्हणजे जीवाचा कच्चा माल तरी अवकाशात तयार होतो हे नक्की.