मदत हवी आहे: 'पोलिसांचं बजेट कापा' या बाजूने बोलायचंय आणि मलाच ते पटत नाहीये

नमस्कार मंडळी,

आमच्या वादविवाद गटात या वेळचा विषय आहे 'पोलिसांच्या बजेटमधला काही पैसा काढून तो इतर सेवांना द्यावा'. संदर्भ अमेरिकेचा, म्हणजे 2020 मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर 'डिफंड द पोलिस' म्हणून जे पेटलं होतं ते. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि माझ्या नशिबी अनुकूल बाजू आली. आता मी इतकी वर्षं याच घोषणेला नावं ठेवत आलोय हे गटातल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते आत्तापासूनच दात काढतायत. सात मिनिटं भाषण, तीन मिनिटं खंडन, हातात दहा दिवस.

आत्तापर्यंत काय जमवलंय ते सांगतो.

आधी मी कॅम्डन धरलं होतं. न्यू जर्सीतलं शहर, 2013 मध्ये शहराचं पोलिस खातं चक्क बरखास्त केलं आणि काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) नवं खातं उभं केलं, 2012 मध्ये तिथे 67 खून झाले होते आणि 2019 पर्यंत तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. म्हटलं झालं काम, चहा घ्या. मग जरा खोलात गेलो तर कळलं की 2011 मध्ये पैसे संपले म्हणून तिथले जवळजवळ अर्धे पोलिस घरी बसवले होते, आणि नव्या खात्यात उलट माणसं वाढवली, जुना युनियनचा करार गेल्यामुळे ती परवडली. म्हणजे मी हे उदाहरण दिलं की समोरचा म्हणणार 'बघा, पोलिस वाढवले म्हणूनच कमी झालं की'. माझाच दगड माझ्याच डोक्यात.

मिनियापोलिस त्याहून वाईट. जून 2020 मध्ये नगरपरिषदेतले 9 जण स्टेजवर उभे राहून खातं मोडीत काढू म्हणाले, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये मतदान घेतलं तर सुमारे 56 टक्के लोक नको म्हणाले. जिथे घडलं तिथलेच लोक! ऑस्टिनमध्ये सुमारे 15 कोटी डॉलर कापले अशी हेडलाइन होती, त्यातले लगेच कापलेले 2 कोटींच्या आसपास, बाकी फोरेन्सिक लॅबसारखी कामं दुसऱ्या नावाखाली हलवली, आणि 2021 मध्ये टेक्सासने कायदाच केला की मोठ्या शहराने पोलिसांचं बजेट कापलं तर त्यालाच भुर्दंड. सगळं परत जागेवर.

तर माझं अडलंय इथे, की पोलिसांकडून पैसा न काढता नव्या सेवेला पैसा आणणार कुठून, आणि काढला तर मधल्या वर्षात, नवी सेवा उभी राहीपर्यंत, फोन कोण उचलणार. आणि सुरुवात कशाने करू? घोषणेने केली तर पहिल्याच मिनिटाला हरलो. कोणी वाचलं असेल, काम केलं असेल तर प्लीज सांगा. 'बाजू बदलून घे' हे उत्तर नको, विचारून झालंय.

सांजवात:
तुम्ही बजेटच्या टोकाने शिरताय म्हणून अडकताय. कॉलच्या टोकाने शिरा. लोक पोलिसांना फोन कशासाठी करतात? दरोडा, मारामारी हे थोडं, बाकी कोणी फुटपाथवर पडलाय, कोणी स्वतःशी मोठमोठ्याने बोलतोय, शेजारी म्युझिक लावलंय. यूजीन, ओरेगनमध्ये 1989 पासून काहूट्स म्हणून सेवा होती, व्हॅनमधून दोन माणसं जायची, एक वैद्यकीय आणि एक मानसिक संकट हाताळणारा, बंदूक नाही. डेन्व्हरने जून 2020 मध्ये स्टार नावाने असंच सुरू केलं आणि 2022 च्या अभ्यासात असं दिसलं की जिथे ती सेवा होती तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी 34 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि गंभीर गुन्हे काही वाढले नाहीत. हे तुमचं हत्यार.

तिरकस:
ताई, अर्धंच सांगितलंत. यूजीनमधली काहूट्स एप्रिल 2025 मध्ये बंद पडली, पैशांअभावी. 35 वर्षं जगभर जिचं कौतुक झालं ती सेवा एका बजेटच्या फटक्यात गेली, आणि तिथे पोलिस खातं आहे तिथेच आहे. धागाकर्ते, समोरचा हे नक्की काढणार, तयारीत राहा.

सांजवात:
अहो तिरकस, पण हाच तर मुद्दा आहे ना! पोलिसांचा पैसा कायमचा आणि बाकीच्यांचा ग्रँट आली तर, देणगी मिळाली तर. आग लागली तर फायर ब्रिगेडच्या पगाराला दरवर्षी अर्ज करावा लागतो का? यूजीनचं उदाहरण लपवू नका, स्वतःच पुढे करा.

उलटतपासणी:
पैसा किती याच्याआधी पैसा कुठून येतो ते बघा, तिथे खरी मेख आहे. फर्ग्युसन, मिसूरी. 2014 मध्ये मायकल ब्राउन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि मार्च 2015 मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा रिपोर्ट आला, त्यात सरळ म्हटलं होतं की तिथे पोलिसांचं लक्ष सुरक्षेपेक्षा दंडाच्या वसुलीवर होतं, शहराचं बजेट त्या दंडांवर टेकलेलं. म्हणजे पोलिस रस्त्यावरच्या माणसाकडे गिऱ्हाईक म्हणून बघायला लागला. तुमच्या सात मिनिटांतली दोन मिनिटं यावर घालवा, याला समोरच्याकडे फारसं उत्तर नसतं. शिवाय नुकसानभरपाई. मार्च 2021 मध्ये मिनियापोलिसने फ्लॉइडच्या कुटुंबाला 2 कोटी 70 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तो पैसा करदात्यांचाच. वाईट पोलिसिंग स्वस्त नसतं.

तिरकस:
हे बरोबर. पण मग निष्कर्ष 'दंडाचा पैसा पोलिसांच्या बजेटपासून तोडा' असा निघतो, 'पोलिस कापा' असा नाही. आणि गस्तीचं काय? कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये प्रयोग झाला, काही भागांत गाडीची गस्त बंद, काहींत वाढवली, काहींत तशीच, आणि गुन्ह्यांत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. लोकांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. हे अनुकूलवाल्यांना गोड वाटतं. पण 1989 मध्ये छापलेल्या अभ्यासात मिनियापोलिसचेच कॉल तपासले होते, त्यात दिसलं की सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल येतात. म्हणजे पोलिस उगाच फिरवले तर उपयोग नाही, नेमक्या कोपऱ्यावर उभे केले तर आहे. आता बोला.

अधूनमधून:
थोडं अवांतर. इथले बरेच जण आपल्याकडचं डोक्यात ठेवून वाचतील म्हणून लिहितो. आपल्याकडे पोलिस हा राज्याचा विषय, तिथे मात्र सुमारे 18,000 वेगवेगळ्या पोलिस यंत्रणा, बऱ्याचशा शहराच्या नाहीतर काउंटीच्या, आणि शहराचा खर्च मुख्यतः मालमत्ता कर, विक्री कर असल्या स्थानिक करांवर. म्हणून गरीब शहराचे पोलिसही गरीब, आणि म्हणूनच दंडाची चटक लागते. आपल्याकडे भांडण वेगळं, पोलिस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सात निर्देश दिले ते बदल्या, कार्यकाळ, तक्रार प्राधिकरण यांचे, पैशाचे नव्हेत. दोन्ही एकत्र केलंत तर परीक्षक पकडतील.

हेडफोन:
मी काही वर्षं इमर्जन्सी कॉल घेण्याचं काम केलंय, म्हणून राहवलं नाही. तुम्ही सगळे कोण जाणार यावर भांडताय, पण ते ठरतं आमच्या खुर्चीत, अर्ध्या मिनिटात. फोन करणारा सांगतो 'एक माणूस ओरडतोय, लवकर या', बस एवढंच. तो आजारी आहे, प्यायलाय का हातात चाकू आहे हे त्यालाही माहीत नसतं. आणि शंका आली की आम्ही पोलिस पाठवतो, कारण चुकलं तर आमच्या गळ्याशी. व्हॅन कितीही घ्या, फोनवरच्या माणसाला ट्रेनिंग आणि 'व्हॅन पाठव, मी तुझ्या मागे आहे' असं म्हणणारा साहेब नसेल तर ती व्हॅन पार्किंगमध्ये उभी राहते.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्ता डोक्यात असं बसलंय: घोषणा पूर्ण बाजूला. पहिलं मिनिट फोन, मग फर्ग्युसन, मग यूजीन मी स्वतःच काढणार आणि म्हणणार की ती सेवा वाईट होती म्हणून नाही मेली, तिचा पैसा कायमचा नव्हता म्हणून मेली, आणि तो कायमचा करायचा तर कुठल्यातरी कायमच्या खात्यातूनच यावा लागेल. 3 टक्के पत्त्यांचं पण मीच वापरतो, कारण तेवढ्यावरच पोलिस नेमायचे असतील तर बाकीच्या गस्तीचा पैसा मोकळा होतो की नाही? तिरकस, यावर तुमचं खंडन इथेच लिहा, म्हणजे सराव होईल. अजून मला पूर्ण पटलंय असं नाही, पण आता निदान खोटं बोलतोय असं वाटणार नाही.

हेडफोन, तुम्हाला एक विनंती. फोन आल्यावर तुम्ही प्रश्न कोणत्या क्रमाने विचारता ते सांगाल का? मी उभा राहून तेच प्रश्न परीक्षकांना विचारणार आहे.

हेडफोन:
आधी पत्ता. नेहमी आधी पत्ता, कारण फोन कधीही कट होतो. मग तुम्ही स्वतः सुरक्षित आहात का, कोणाला लागलंय का, हत्यार दिसतंय का. 'काय झालंय' हे लोक आपणहून सांगत असतातच, त्यांना मध्येच तोडून पत्ता विचारावा लागतो आणि ते चिडतात. परीक्षकही चिडतील, चिडू द्या.